गोंदिया ते ऐरोली: चाळीस हजारांत बस्तान

निघण्याआधी

चाळीस हजार रुपये घेऊन नवी मुंबईत उतरलेला एकटा माणूस एका दिवसात कफल्लक होऊ शकतो आणि तेच चाळीस हजार त्याला दोन महिने पुरूही शकतात. सगळा फरक डिपॉझिटचा. गावठाणातली एक साधी खोली धरा: भाडं ७,०००, डिपॉझिट २५,०००, एजंटची दलाली एका महिन्याच्या भाड्याएवढी म्हणजे ७,०००, कराराचा सरकारी खर्च सुमारे १,५००. झाले ४०,५००. अजून गादी आलेली नाही, पंखा लागलेला नाही आणि नोकरी कुठल्या स्टेशनवर मिळणार तेही ठाऊक नाही. म्हणून पुढचा सगळा प्रवास एकाच गोष्टीभोवती आखलेला आहे: नोकरीचं स्टेशन ठरेपर्यंत डिपॉझिट द्यायचं नाही.

त्याऐवजीचा हिशोब असा. गाडीभाडं ६००. पहिल्या आठ रात्री रोजाने कॉट (म्हणजे सामायिक खोलीतली एक खाट), ४०० प्रमाणे ३,२००. त्यानंतर दोन महिने महिनेवारी कॉट, ४,५०० प्रमाणे ९,००० आणि तिचं एक महिन्याचं डिपॉझिट ४,५००. जेवण दिवसाला १५० धरून साठ दिवसांचे ९,०००. लोकल आणि शेअर रिक्षा २,५००. गादी, बादली, मग, कुलूप, दोरी मिळून १,८००. प्रिंट, फोटो, मुलाखतीचे बूट १,५००. बेरीज ३२,१००. उरलेल्यांतले ५,००० दुसऱ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं यूपीआय फोनवर ठेवूच नका. ते परतीचं तिकीट आणि अडीनडीचे दोन आठवडे. राहिलेले २,९०० ताप, चष्मा, फुटलेला मोबाइल यांच्यासाठी. भाव नोडप्रमाणे (नोड म्हणजे नवी मुंबईचा एकेक विभाग) इकडेतिकडे होतील, पण रकमांचा आकार हाच राहतो.

दोन महिने कशासाठी? पगाराच्या चक्रासाठी. २ जानेवारीला पोहोचलात, २२ जानेवारीला कामावर लागलात आणि कंपनीची हजेरी २० तारखेला बंद होत असेल, तर ते जानेवारीचे दिवस फेब्रुवारीच्या पगारात जातात. हातात पैसे येतात ७ मार्चच्या सुमारास. म्हणजे उतरल्यापासून ६४ दिवस. ठेकेदारामार्फत लागलेल्यांचं असं सर्रास होतं. महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला पोहोचायचं ते याचसाठी. शिवाय कॉट आणि खोल्या रिकाम्या होतात त्याही महिनाअखेरीलाच.

जानेवारी निवडण्याचं कारण वेगळं. पाऊस नसतो, पण गेल्या पावसाच्या खुणा भिंतीवर असतात. जून-जुलैत पहिल्यांदा येणाऱ्याचा अर्धा वेळ कपडे वाळवण्यात जातो.

कागदपत्रं गोंदियातच पुरी करा. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. पॅन, बँक पासबुक, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, दहा-बारा फोटो. चारित्र्य पडताळणीचा दाखला पोलिसांच्या पोर्टलवरून आधीच काढलेला बरा. सुरक्षा, गोदाम आणि कुरिअरच्या कामांना तो मागतात आणि पत्ता गावचा असेल तर पडताळणी गावच्याच ठाण्यातून होते. मूळ कागद एका फाइलीत, झेरॉक्सचे तीन संच दुसऱ्या पिशवीत, स्कॅन फोनमध्ये आणि ईमेलवर.

दिवस १: गोंदिया ते इगतपुरी

विदर्भ एक्स्प्रेस दुपारी गोंदिया सोडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत येते. तिकीट ठाण्यापर्यंतचं काढावं. सीएसएमटीपर्यंत जाऊन ओझ्यासकट परत ठाण्याला येण्यात दोन तास आणि अर्धा जीव जातो. नांदेड-परभणीकडच्यांना देवगिरी आणि लातूरकरांना लातूर एक्स्प्रेस याच कामाची. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच काढायला हवं. राहिलंच तर स्लीपरचं तत्काळ आदल्या दिवशी ११ वाजता उघडतं आणि ऑनलाइन काढायला आधार जोडलेलं खातं लागतं. वेटिंगचं तिकीट घेऊन आरक्षित डब्यात चढू नये. ऑनलाइन वेटिंग तर चार्ट लागल्यावर आपोआप रद्दच होतं.

स्लीपरला ४० किलो सामान मोफत नेता येतं. तो आकडा विसरा. ठाण्याचा पूल चढून जाता येईल एवढंच घ्या: पाठीवर १५-१८ किलोंची एक सॅक आणि पोटाशी एक छोटी पिशवी. चार सदरे, दोन पँटी, दोन चादरी, एक पातळ पांघरूण, स्टीलचं ताट-वाटी-पेला, एक्स्टेन्शन बोर्ड आणि स्वतःचं चांगलं कुलूप. पीजीतल्या (कॉट भाड्याने देणाऱ्या पेइंग गेस्ट घरातल्या) कपाटाला कुलूप आपलंच लागतं. गादी, शेगडी, पंखा गावाहून आणायचा नाही. गोंदियाचा माणूस तांदूळ आणणारच. पण कॉटवर शिजवता येत नाही, तेव्हा तो दुसऱ्या खेपेला.

नागपूरला संध्याकाळ होते. वर्धा, बडनेरा, अकोला मागे पडतात आणि भुसावळपर्यंत डबा झोपलेला असतो. सॅकला साखळी घालून ती बर्थखालच्या कडीत अडकवा. कागदांची फाइल आणि फोन उशाखाली न ठेवता अंगाखालच्या पिशवीत ठेवा. नाशिक रोड गेलं की उठून तोंड धुवून घ्यावं. इगतपुरीनंतर शौचालयाला रांग लागते.

दिवस २: कसारा घाट, ठाणे, ऐरोली

इगतपुरीची थंडी कसारा घाट उतरेपर्यंतच. कल्याणला हवा दमट लागायला लागते आणि डब्यात लोकलचे प्रवासी घुसतात. कल्याण सुटताच सामान दाराजवळ आणायचं, कारण ठाण्याचा थांबा मोजक्या मिनिटांचा.

उतरल्यावर बाहेर पडण्याची घाई नको. नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल पूर्वेकडच्या ९, १० आणि १० अ या फलाटांवरून सुटते. एक्स्प्रेसचं तिकीट ठाण्याला संपलं. पुढचं वेगळं काढावं लागतं, फोनवरच्या रेलवन अॅपवर किंवा स्टेशनातल्या एटीव्हीएम या तिकीट यंत्रावर. विनातिकीट सापडलात तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं.

पाटीवर वाशी, नेरूळ, पनवेल अशी नावं लागतात. नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही स्थानकं सगळ्या गाड्यांना आहेत. तुर्भ्यानंतर फाटा फुटतो: वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, नेरूळ-पनवेलची जुईनगरकडे. पनवेल लोकलमध्ये बसलेला वाशीला पोहोचत नाही. सकाळी आठ ते दहा ठाण्याहून नवी मुंबईकडे गर्दी असते, संध्याकाळी उलट. सॅक पाठीवर घेऊन साडेआठच्या गाडीत शिरण्यापेक्षा फलाटावर चहा घ्या आणि गर्दी ओसरू द्या. बाईमाणूस एकटी असेल तर सरळ महिला डबा गाठावा. अडचण आली तर रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आणि कुठेही ११२.

पहिला मुक्काम ऐरोली किंवा घणसोलीत ठेवलेला बरा, कारण दोन्हीकडून ठाणेही जवळ आणि महापे-रबाळेची एमआयडीसीही. पीजीवाल्याला रोजाने कॉट मागितली की ३५०-४०० सांगतो. पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघा: खोलीत किती कॉट, सकाळी सहा ते आठ पाणी येतं का, आणि कपाट स्वतंत्र आहे का. आठ दिवसांचे पैसे एकदम देऊ नका, दोन-दोन दिवसांचे द्या. गाववाल्याकडे उतरायचं असेल तर किती रात्री ते फोनवरच सांगून टाकावं. वन आरकेमध्ये (एक खोली आणि स्वयंपाकघर) आधीच तिघं असतात. चौथ्याचं स्वागत तीन रात्री होतं, त्यानंतर घरमालक विचारायला येतो.

दिवस ३: नुसतं फिरणं

हा दिवस फुकट गेला असं वाटतं, पण पुढचे दोन महिने तो वाचवतो. सकाळी दहानंतर ठाणे-पनवेल लोकलमध्ये खिडकीशी बसा आणि शेवटपर्यंत जा. तासाभराचा रस्ता आहे. दक्षिणेकडे जाताना उजव्या हाताला खाडी, डाव्या हाताला पारसिकची डोंगररांग. रुळांना लागून ठाणे-बेलापूर रस्ता धावतो. कारखाने, आयटी पार्क, गोदामं बहुतेक डोंगराच्या अंगाला. वसाहती आणि गावठाणं बहुतेक खाडीच्या अंगाला. एवढं डोक्यात बसलं की नकाशाची गरज निम्मी उरते. बेलापूरहून पेंधरपर्यंत मेट्रो आहे, नोव्हेंबर २०२३ पासून; तळोज्याकडे काम मिळालं तर तीच उपयोगी.

सिडको या सरकारी महामंडळाने १९७० पासून हे शहर नोडमध्ये आखलं आणि प्रत्येक नोडमध्ये सेक्टर पुन्हा एकपासून मोजले. म्हणजे सेक्टर ६ ऐरोलीत आहे, कोपरखैरण्यात आहे आणि नेरूळमध्येही आहे. मुलाखतीचा पत्ता घेताना नोडचं नाव, सेक्टर, प्लॉट नंबर आणि जवळचं स्टेशन ही चारही विचारून घ्यावीत. नुसतं "सेक्टर ६, नवी मुंबई" म्हणणाऱ्याकडे जाऊ नये. तो एकतर घाईत आहे किंवा बनावट.

गावठाणांची नावंही ऐकून ठेवा: घणसोली, गोठीवली, तळवली, रबाळे, बोनकोडे, तुर्भे, शिरवणे, करावे. आगरी-कोळ्यांची ही मूळ गावं सेक्टरांच्या मध्ये आहेत आणि स्वस्त खोल्या त्यांच्यातच मिळतात. कोपरखैरणे-घणसोलीत माथाडी कामगारांच्या घरांतही वरचा मजला भाड्याने देतात. पनवेलकडे सरकाल तसं कामोठे, कळंबोली, तळोजा इथे भाडं उतरतं, पण ऐरोली-महाप्याचं काम असेल तर तेवढा वेळ लोकलमध्ये जातो. आणि खारघर-तळोज्याची पाण्याची तक्रार जुनी आहे.

खाडीकाठी ऐरोलीला फ्लेमिंगो दिसतात, जानेवारीत भरपूर. बघायला पैसे पडत नाहीत, एवढीच त्या दिवसाची चैन.

दिवस ४ ते ९: काम शोधणं

मासिक पास अजून काढू नका. स्टेशन ठरलेलं नाही. या दिवसांत सुटी तिकिटं आणि चालणं. शेअर रिक्षासाठी दहा-वीसच्या नोटा सुट्या ठेवा.

अॅपवर अर्ज रात्री करायचे आणि दिवसा प्रत्यक्ष फिरायचं. एमआयडीसीत हेल्पर, पॅकिंग, सुपरवायझर, स्टोअर यांची माणसं अजूनही गेटवरच्या पाटीवरून घेतात. सोमवार-मंगळवारी सकाळी साडेनऊला रबाळे, महापे, पावणे, तुर्भे यांपैकी रोज एकच पट्टा धरावा. दोन पट्टे एका दिवसात होत नाहीत, अंतरं फसवी आहेत. आयटीआय झालेल्याने ट्रेडचं नाव बायोडेटात सगळ्यात वर लिहावं. बी.कॉम., बी.ए. झालेल्यांना बीपीओ, बॅक ऑफिस आणि गोदामातलं डेटा एंट्रीचं काम लवकर मिळतं. महास्वयम पोर्टलवर नोंदणी फुकट आहे आणि रोजगार मेळाव्यांच्या तारखा तिथे कळतात.

फसवणूक ठरलेल्या साच्यात होते. नोंदणी फी, गणवेशाचे पैसे, "ट्रेनिंग किट", मेडिकलचे आगाऊ पैसे: यातलं काहीही मागितलं की उठून यायचं. मूळ गुणपत्रिका ठेवून घेतो म्हणणाऱ्यालाही नाही म्हणायचं. दाखवायची, तपासू द्यायची आणि परत घ्यायची. मुलाखत एखाद्या मॉलच्या उपाहारगृहात असेल तर भाडं खर्चून जाण्यात अर्थ नाही.

जेवणाचा डबा आठवड्यावर लावा, महिन्यावर नको. दोन वेळचा घरगुती डबा रोज १२० च्या आसपास पडतो, सकाळी पोहे किंवा वडापाव २५. बाहेर चहा किती वेळा होतो हे मोजलं तर अनेकांचा हिशोब तिथेच फुटलेला दिसतो.

घरी प्राधान्य कुटुंबाची शिधापत्रिका असेल आणि त्यात तुमचं नाव व आधार जोडलेला असेल, तर एक देश एक रेशन कार्ड योजनेत इथल्या रास्त भाव दुकानातून तुमच्या वाट्याचं धान्य अंगठा लावून उचलता येतं. घरच्यांचा वाटा घरचे गोंदियात उचलतात. दुकानदार "इथलं कार्ड नाही" म्हणतो. कार्डाचा बारा अंकी क्रमांक सांगून यंत्रावर बघायला लावा. याचा उपयोग अर्थातच शिजवायची सोय झाल्यावर.

दिवस १०: ऑफर लेटर वाचणं

इथे घाई करू नये. कागद हातात घेऊन बसावं. "१८ हजार" म्हणजे बहुधा सीटीसी, कंपनीला तुमच्यावर पडणारा एकूण खर्च. समजा महिन्याचा एकूण पगार १६,००० आणि त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता ११,०००. कंपनीचा पीएफ खर्चासकट १३ टक्के म्हणजे १,४३०, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) ३.२५ टक्के म्हणजे ५२०. हे धरून सीटीसी १७,९५०. तुमच्या पगारातून पीएफ १२ टक्के म्हणजे १,३२०, ईएसआयसी ०.७५ टक्के म्हणजे १२०, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात १४,३६०. महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. ईएसआयसी २१,००० पर्यंतच्या पगाराला लागू आहे आणि औषधोपचार पहिल्या दिवसापासून मिळतो, म्हणून कार्ड रुजू झाल्याच्या आठवड्यातच काढून घ्या.

मग चार प्रश्न. पगार कंपनी देणार की ठेकेदार? हजेरी कुठल्या तारखेला बंद होते? रात्रपाळी असेल तर गाडी कंपनीची की आपली? नोटीस किती दिवसांची? तिसऱ्या प्रश्नावर अडकणारे पुष्कळ. मध्यरात्रीनंतर लोकल बंद होते आणि रिक्षाचे पैसे पगारातला हिस्सा खातात. हातात १४,३६० येणार असतील तर राहणं पाच हजारांच्या वर जाऊ देऊ नये. घरी पाठवायचे असतील तर चारच्याही आत.

दिवस ११ ते १४: कॉट बदलणं, पास काढणं

आता स्टेशन ठरलं. कामाच्या स्टेशनपासून दोन-तीन स्थानकांच्या आत, आणि जमलं तर गर्दीच्या उलट दिशेला राहावं. ऐरोलीत काम असेल तर घणसोली-कोपरखैरण्याकडून येणं ठाण्याहून येण्यापेक्षा सुसह्य. त्याच स्टेशनची महिनेवारी कॉट घ्या, एक महिन्याच्या डिपॉझिटवर, आणि पैसे यूपीआयने देताना शेऱ्यात "कॉट डिपॉझिट" असं लिहा. पावती न देणारे खूप असतात, तेव्हा हीच पावती.

आता पासही काढा. रोजच्या तिकिटांच्या निम्म्याहून कमी पैशांत महिना निघतो. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद. रविवारची ड्युटी असेल तर शनिवारी रात्रीच वेळा बघून ठेवा.

महापालिकेची रुग्णालयं वाशी, नेरूळ आणि ऐरोलीत आहेत. ताप तीन दिवस राहिला तर खासगीत ८००-१,००० खर्च करण्याआधी तिथे जाऊन रक्त तपासून घ्या. पावसाळ्यात इथे मलेरिया आणि डेंग्यू दोन्ही असतात.

दोन पगारांनंतर: खोली

खोली घ्यायची ती आता, आणि शक्यतो कॉटवरच्याच एखाद्या चांगल्या सोबत्याबरोबर. निम्मं भाडं, निम्मं डिपॉझिट. एजंट टाळायचा असेल तर गावठाणात रविवारी सकाळी पायी फिरा. किराणा दुकानदार, इस्त्रीवाला आणि डबेवाली मावशी यांना रिकाम्या खोल्या एजंटाआधी कळतात.

खोली दोनदा बघायची, एकदा सकाळी पाण्याच्या वेळेला आणि एकदा रात्री. छताच्या कोपऱ्यात आणि खिडकीखाली पिवळट रेघा असतील तर पावसात तिथून पाणी येतं, नव्या रंगाचा वास असेल तर त्या रेघा नुकत्याच झाकल्यात. तळमजला घेताना शेजाऱ्याला विचारा, पावसात पाणी उंबऱ्याच्या आत येतं का. विजेचा सबमीटर असेल तर मालक युनिटला किती लावतो ते करारातच लिहून घ्या आणि राहायला जाताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. स्वयंपाकाला ५ किलोंचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. इंडक्शन स्वस्त वाटतं, पण सबमीटरच्या दराने ते महाग पडतं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. "नोटरी पुरेशी आहे" हे वाक्य जागोजागी ऐकू येतं. पुरेशी नाही. हिशोब साधा आहे: ११ महिन्यांचं भाडं ७७,०००, २५,००० डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी ११ महिन्यांचं व्याज सुमारे २,२९२, बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे जवळपास २००. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, ऑनलाइन हाताळणी शुल्क ३००. सरकारात जातात ते एवढेच. याच्या वर एजंट मागेल ती त्याची मजुरी, आणि तीवर घासाघीस होते. नोंदणीच्या वेळी दोघांचे आणि साक्षीदारांचे अंगठे लागतात. भाडेकरू पडताळणीचा अर्ज मालकाने पोलिसांकडे दिल्याची पोच मागून घ्या.

डिपॉझिट बँकेतूनच द्या आणि करारात त्याचा व्यवहार क्रमांक घाला. परतीची मुदतही लिहा, उदाहरणार्थ खोली सोडल्यापासून सात दिवस. आणि रंगकाम, पंखा दुरुस्ती कुणी करायची तेही. सोडताना भांडण होतं ते बहुतेक रंगाच्या पैशांवरून. म्हणून चावी घेतल्याच्या दिवशी चारही भिंती, नळ, कडी, संडासचं भांडं यांचे फोटो काढून मालकाच्याच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.